श्रवणयंत्रांचा धंदा खरंच बदलतोय का? (आणि आईसाठी काय घ्यावं?)

मुलुंडची_मनू

नमस्कार मंडळी. आईचं वय ७६. गेली काही वर्षं तिची एकच तक्रार आहे: ऐकू येतं, पण कळत नाही. टीव्ही इतक्या जोरात लागतो की खालच्या मजल्यावरच्यांना तिच्या मालिकांची कथानकं पाठ झालीत. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी तपासलं. मळ नाही, पडदा ठीक, वयोमानाने दोन्ही कानांची नस कमजोर झालीय, मशीन लावा म्हणाले.

मशीनच्या क्लिनिकमध्ये गेलो तर हातात दरपत्रक दिलं. जोडी अठरा हजारांपासून साडेचार लाखांपर्यंत. फरक काय विचारलं तर "यात चॅनल जास्त आहेत मॅडम." चॅनल म्हणजे काय, तर "क्लॅरिटी." क्लॅरिटी म्हणजे काय, तर परत चॅनल. वर "आता नाही लावलं तर पुढे स्मृतिभ्रंश होतो" अशी भीती घातली ती वेगळीच.

भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मशीन मिळतात, अ‍ॅपलच्या एअरपॉड्सनाही सरकारी मंजुरी आहे, पंचवीस हजारांत काम होईल, लाखभर कुठे घालवतेस?

माझं मत: हा धंदा मोडीत निघायला आलाय आणि दुकानदार जाता जाता हात मारून घेताहेत. तुम्हाला काय वाटतं? आणि घरात कोणी वापरत असेल तर अनुभव सांगा.

खडूस_म्हातारा

बायको मागे लागली म्हणून मी मशीन घेतलं. आता सगळं ऐकू येतं. घेऊ नका.

गप्पिष्ट

खडूसकाका =)) वाचतेय. सासूबाईंसाठी उपयोगी धागा.

एडिसनचा_पंत

मनू, तुझ्या भावाचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं व्हॉट्सअ‍ॅपवर फार सोपं करून फिरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे अमेरिकेत ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडून, जोडी घ्यायची तर चार-पाच हजार डॉलर सहज जातात. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीच्या पुढच्यांचा सरकारी विमा, १९६५ सालापासून आहे आणि श्रवणयंत्र त्यातून पहिल्यापासून वगळलेलं आहे. म्हणजे ज्या वयात लागतं नेमकं त्याच वयात खिशातून भरायचं. २०१५-१६ मध्ये आधी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी आणि मग राष्ट्रीय अकादमींनी अहवाल दिले: सौम्य ते मध्यम बहिरेपणाला मशीन थेट दुकानात मिळू द्या, स्पर्धा येऊ द्या. एलिझाबेथ वॉरन आणि चक ग्रासली, दोघं समोरासमोरच्या पक्षांतले सिनेटर, यांनी मिळून विधेयक आणलं. ऑगस्ट २०१७ मध्ये कायदा झाला. एफडीएने, म्हणजे इथल्या औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, नियमांचा घोळ घालत घालत पाच वर्षं काढली. अखेर १७ ऑक्टोबर २०२२ पासून १८ वर्षांवरच्या कोणालाही तपासणी न करता, चिठ्ठी न दाखवता मशीन विकत घेता येऊ लागलं. फक्त सौम्य ते मध्यमसाठी, आणि आवाजाला वरची मर्यादा घालून.

आता गंमत बघा. बोसने सगळ्यांच्या आधी उडी मारली. २०१८ मध्ये एफडीएची परवानगी, २०२१ मध्ये ८५० डॉलरची जोडी बाजारात. आणि २०२२ मध्ये, नियम लागू व्हायच्या आधीच, गाशा गुंडाळून मोकळे! सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएने एअरपॉड्स प्रो २ च्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. किंमत २४९ डॉलर. वर्तमानपत्रांत मथळे आले. पण आमच्या गावातली ऑडिओलॉजिस्ट आहे तिथेच आहे आणि तिची अपॉइंटमेंट अजून महिनाभर मिळत नाही.

खरी स्वस्ताई इथे आधीपासून कॉस्टकोत, म्हणजे घाऊक मालाच्या दुकानांच्या साखळीत, होती. त्यांच्या स्वतःच्या नावाची जोडी २०२१-२२ च्या सुमारास १४०० डॉलरला मिळायची, तपासणी आणि फिटिंग धरून. आमच्या सासऱ्यांनी तीच घेतली. डाळ-तांदूळ घ्यायला गेलो की तिथेच वॅक्स गार्ड (मळ अडवणारी बारीक जाळी) बदलून घेतात आणि येताना फुकटचे नमुने खातात. खूश आहेत.

वैखरी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे "तुमचं पोट त्यावर आहे म्हणून बोलता" हे लिहिणाऱ्यांचा वेळ वाचेल.

मनूताई, "ऐकू येतं पण कळत नाही" या वाक्यातच निम्मं निदान आहे. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. स, श, फ, थ, ख ही सगळी मंडळी तिथे राहतात. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत. म्हणून कोणीतरी बोलतंय हे आईंना समजतं, पण तुम्ही "सात" म्हणालात की "हात", हे नाही समजत. टीव्ही मोठा केला की मोठ्याने न कळणारं ऐकू येतं, एवढंच. दुसरी भानगड: हळू बोललं तर पोचत नाही आणि जरा आवाज चढवला की "ओरडतेस कशाला?" घरोघरी यावरून भांडणं होतात. आतल्या कानातल्या पेशी गेल्या की हळू आणि असह्य यांच्यातली जागाच आक्रसते. त्या अरुंद जागेत सगळं जग बसवायचं, हे मशीनचं काम. बारीक आवाज बराच वाढवायचा, मोठा जेमतेम, आणि तेही प्रत्येक पट्टीत वेगळ्या हिशेबाने.

लोक चष्म्याशी तुलना करतात. चष्मा लावला की त्याच मिनिटाला पाटी वाचता येते. इथे मेंदूला इतकी वर्षं न मिळालेले आवाज एकदम मिळतात: पंख्याची घरघर, पिशवीची चुरचुर, स्वतःच्या चपलेचा आवाज. पहिले काही आठवडे माणूस वैतागतो आणि नेमक्या त्याच वेळी मशीन डबीत जातं.

आता चॅनल, म्हणजे मशीन आवाजाचे किती पट्ट्यांत तुकडे करून वेगवेगळे हाताळतं ते. एका मर्यादेपुढे त्यांनी फारसा फरक पडत नाही. तुम्ही क्लिनिकला एकच प्रश्न विचारा: रिअल इअर मेजरमेंट करता का? केसासारखी बारीक नळी कानात सोडून, मशीन लावलेलं असताना पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजायचं. स्क्रीनवर एक रेघ हवी असलेली, दुसरी मिळत असलेली. दोन्ही जुळेपर्यंत मशीनचं सेटिंग बदलत राहायचं. बहुतेक ठिकाणी हे करत नाहीत. ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) घालतात, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं "फर्स्ट फिट"चं बटण दाबतात आणि "कसं वाटतंय आजी?" विचारतात. आजी म्हणतात छान. त्या फिटमध्ये वरच्या पट्ट्या बरेचदा हव्या त्यापेक्षा चांगल्याच कमी असतात, म्हणजे स आणि श परत हरवलेलेच. साडेचार लाखांचं मशीन असं लावलं तर ते नीट मोजून लावलेल्या चाळीस हजारांच्या मशीनपुढे हरेल. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल लिहितेय, कृपया स्क्रीनशॉट काढून आमच्या ग्रुपवर टाकू नका.

सोल्डरिंग_गन

वैखरीताई, प्रतिसाद उत्तम, मोजणीचं एकदम मान्य. मग मोजणीचे पैसे घ्या की! मशीनच्या किमतीत ते कोंबून, वर "हे मशीन साडेचार लाखांचं आहे" असं का सांगायचं? बऱ्याच मालिकांमध्ये वरच्या आणि खालच्या मॉडेलचं हार्डवेअर एकच असतं, सॉफ्टवेअरने वैशिष्ट्यं उघडतात नि बंद करतात. गिऱ्हाईक लोखंडाचे पैसे देतोय असं समजतो, देतो मात्र टिकमार्कचे.

आणि "स्पर्धा आली" म्हणणाऱ्यांसाठी थोडी वंशावळ. जगातल्या बहुतेक श्रवणयंत्रांमागे पाच घराणी आहेत. सोनोव्हा (फोनॅक), डेमंट (ओटिकॉन), डब्ल्यूएस ऑडिओलॉजी (सिग्निया, वाइडेक्स), जीएन (रीसाउंड) आणि स्टार्की. पहिली स्विस, मधली तीन डॅनिश वळणाची, शेवटची अमेरिकन. २०१९ पर्यंत सहा होती. वाइडेक्स आणि सिव्हॅन्टॉस (सिग्नियावाले) यांचं लग्न लागलं आणि पाच उरली. आता चिठ्ठीशिवायच्या बाजारात कोण उतरलं? सोनी. आत कोण? डब्ल्यूएस ऑडिओलॉजी. जाब्रा? ते जीएनचंच. सेनहायझर? त्यांचा हेडफोनचा धंदा २०२२ मध्ये सोनोव्हाने घेऊन टाकला. पंतांच्या कॉस्टकोतली जोडीसुद्धा आलटून पालटून याच घराण्यांतून यायची. पाट्या नव्या, शेटजी तेच.

म्हणून मला अ‍ॅपलचं अप्रूप आहे. ते खरोखर बाहेरचे. एफडीएची मंजुरी आली तेव्हा भारतात एअरपॉड्सची श्रवणयंत्राची सोय बंद ठेवली होती. २०२४ च्या नोव्हेंबरात बंगळूरच्या तीन पोरांनी आजीसाठी आणलेल्या एअरपॉड्सवर ती चालू करून दाखवली. आयपॅडला आपण कॅलिफोर्नियात आहोत असं वाटावं म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा पिंजरा केला, खऱ्या वायफायचा पत्ता लागू नये म्हणून शेजारी मायक्रोवेव्ह लावला आणि आत तिकडच्या वायफायची खोटी नावं प्रसारित केली. आजीला ऐकू यावं म्हणून स्वयंपाकघरातली अर्धी उपकरणं कामाला! याला म्हणतात गरज.

खडूस_म्हातारा

आमच्याकडे फॉइलमध्ये पोळ्या असतात.

वैखरी

@सोल्डरिंग_गन, वेगळे पैसे घेऊन पाहिले ना. तपासणी आणि मोजणीचं शुल्क बोर्डवर लिहिलं. लोक म्हणतात, "मशीन तुमच्याकडूनच घ्यायचंय, मग तपासणीचे कसले पैसे?" आणि रस्त्याच्या पलीकडे "मोफत कान तपासणी शिबिर"चा फ्लेक्स लागलेला असतो. त्या मोफत तपासणीचा खर्च कोण भरतं? दुसऱ्या दिवशी महागडं मशीन घेणारे आजोबाच. ग्राहकाला फुकट तपासणी आणि स्वस्त मशीन दोन्ही हवं असतं. साखळी दुकानं पहिलं देतात आणि दुसऱ्यातून वसूल करतात.

अमेरिकेतल्या नव्या नियमाने मला वाटतं एवढंच केलं, खोक्याची किंमत उघडी पाडली. मग खोक्याबाहेरचं काम किती आहे हेही दिसलं. चिठ्ठीशिवाय घेतलेली मशीन घेऊन लोक परत ऑडिओलॉजिस्टकडेच येतात, "हे जरा लावून द्या."

एडिसनचा_पंत

@वैखरी, येतात खरे, पण इथल्या कितीतरी ऑडिओलॉजिस्ट त्या मशीनना हात लावत नाहीत. "आमच्याकडून घेतलेलं नाही." हा माजच आहे. गाडी दुसरीकडून घेतली म्हणून मेकॅनिक ऑइल बदलायला नाही म्हणत नाही.

वैखरी

माज आहे, मान्य. थोडी अडचणही आहे: बऱ्याच चिठ्ठीशिवायच्या मशीनचं सॉफ्टवेअर आमच्याकडे उघडतच नाही, फक्त ग्राहकाच्या फोनवरच्या अ‍ॅपमधून बदल होतात.

अर्धाकान

वय २९, लहानपणापासून मशीन लावतो. दोन्ही कानांचा बहिरेपणा मध्यम ते तीव्रच्या मध्ये. माझा अनुभव थोडा उलटा आहे.

एअरपॉड्स मी घेतले, कुतूहल म्हणून. हळू आवाजाच्या ऑफिसात, समोर एक माणूस, बऱ्यापैकी चालतात. गर्दीत माझ्या नेहमीच्या मशीनच्या जवळपासही नाहीत, आणि चार्जिंग पाच-सहा तासांत संपतं. माझं मशीन सकाळी लावलं की रात्री झोपताना काढतो. बहिरेपणा तीव्र असेल तर एअरपॉड्सच्या वाटेला जाऊच नका, ती त्यांच्यासाठी बनलेलीच नाहीत.

पण कोणी सांगत नाही ते वेगळंच. मशीन लावलं की लोक माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलतात, जणू मी परग्रहावरून आलोय. एअरपॉड्स लावले की लोक बोलतच नाहीत! त्यांना वाटतं मी गाणी ऐकतोय. मावशीच्या घरी जेवायला बसलो तर आजोबा ताटावरून म्हणाले, "मोठी माणसं बोलताना कानातलं काढावं." मी काढलं. मग ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आपल्याकडे सगळीकडे कानात बुचं घालून फिरतात म्हणून लाज कमी होईल, असं कंपन्या म्हणतात. तरुणांत होईलही. सत्तरीच्या बाईने सत्यनारायणाच्या पूजेत पांढरे एअरपॉड्स लावले तर काय होईल, ते मनूताईंनी ठरवावं.

दुसरं, लॉकचं. बाबांनी माझं मागचं मशीन एका साखळी दुकानातून घेतलं होतं. मी नोकरीसाठी नाशिकला आलो. इथल्या क्लिनिकने जोडून पाहिलं तर सॉफ्टवेअर म्हणालं, हे यंत्र फक्त त्याच दुकानाच्या खात्यातून उघडेल. त्या दुकानाची नाशिकला शाखा नाही. एवढं महागाचं मशीन, आणि जरासं ट्रेबल वाढवायला पुण्याची बस! घेण्याआधी विचारा: लॉक आहे का?

सोल्डरिंग_गन

@अर्धाकान, हेच तर!! आपण विकत घेतलेल्या वस्तूचा पासवर्ड दुकानदाराकडे. वायरलेस प्रोग्रॅमर घेऊन घरी स्वतः प्रोग्रॅमिंग करणारी मंडळी जगभर आहेत, पण लॉक असेल तर तेही हात टेकतात.

तांबडा_पांढरा

तुम्ही सगळे लाखांच्या गप्पा मारताय, मी जरा आमच्याकडचं सांगतो. गडहिंग्लज भाग. आमच्या चुलत्यांना शिबिरात मशीन मिळालं. मंडप, हार-तुरे, पाहुण्यांच्या हस्ते वाटप, फोटोत चुलत्यांच्या कानाला मशीन साहेबांनी स्वतः लावलं. उजव्या कानाचं डाव्या कानात. ऑडिओग्राम झाला होता की नाही देव जाणे, सगळ्यांना एकाच आकाराची टोपी कानात. कानाचा साचा घेतलेला नाही, त्यामुळे जबडा हलला की शिट्टी. म्हातारा जेवायला बसला की कुत्री भुंकायची. सोबत दिलेल्या बॅटऱ्या संपल्या तेव्हा गावातल्या दुकानदाराने घड्याळाचा सेल दिला. बसला नाही. मशीन आता देव्हाऱ्याच्या खणात आहे, फोटो मात्र भिंतीवर आहे.

योजना वाईट नाही बरं का. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची अडिप योजना १९८१ पासून आहे, ज्येष्ठांसाठी २०१७ पासून वयोश्री आहे, कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी मशीन पुरवते. पण वाटप मोजलं जातं, वापर मोजला जात नाही. वाटून झालं की यादी बंद. तिथे एअरपॉड्सने काय क्रांती होणार? चुलत्यांच्याकडे बटणाचा फोन आहे.

दापोलीकर

तांबडा_पांढरा, कुत्र्याचं वाचून हसलो आणि मग वाईट वाटलं.

बॅटरीचं: श्रवणयंत्राचे सेल झिंक-एअरचे असतात, घड्याळाचे चालणार नाहीत. रंगावरून ओळखायचे. १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. वरचा स्टिकर काढला की हवा लागून सेल सुरू होतो, काढल्यावर मिनिटभर थांबून मग घालायचा. स्टिकर परत लावून सेल "वाचवता" येत नाही, आमच्या वडिलांनी खूप प्रयत्न केले. कोकणात असाल तर पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, नाहीतर बारक्या नळीत पाणी धरतं आणि आवाज जातो. माणसं समजतात बिघडलं.

लिऑनची_लेक

फ्रान्समधून. इथे या धंद्याची उलथापालथ कंपन्यांनी नाही, सरकारने केली. १ जानेवारी २०२१ पासून ठराविक दर्जाची मशीन पूर्ण मोफत, म्हणजे सरकारी विमा आणि पूरक विमा मिळून सगळा खर्च देतात. त्या वर्गातल्या मशीनला एका कानासाठी ९५० युरोची कमाल किंमत, त्याहून जास्त लावायचीच नाही. घेण्याआधी किमान ३० दिवसांची चाचणी बंधनकारक, पुढची चार वर्षं देखभाल त्याच किमतीत, आणि चार वर्षांनी परत नवीन मिळू शकतं. त्या वर्षी विक्री एकदम उसळली. माझ्या सासूने आधी "मला काय झालंय?" म्हणून वर्षानुवर्षं टाळलं होतं, फुकट झाल्यावर मैत्रिणींबरोबर घोळक्याने जाऊन घेऊन आली. लाज-बिज काही नव्हती, पैशांचंच होतं.

दुसरी बाजूही सांगते. पैसा दिसला तसे फसवणारेही आले, कान न तपासता बिलं लावणारे. मग विमावाल्यांनी तपास, कारवाया सुरू केल्या.

कोरडा_ठाक

९५० युरो कमाल! आणि आपल्याकडे हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही एवढंच समाधान. मेडिक्लेममध्ये बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं, सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) ठराविक मर्यादेपर्यंत परत मिळतात.

ढमढम

सगळ्या पुणेकरांनी वाचावा असा धागा. पथकात वाजवणाऱ्यांनी आधी वाचावा. कानात कापूस घालून काही होत नाही मित्रांनो, फोमचे इअरप्लग घ्या, पन्नास रुपयांत येतात.

खडूस_म्हातारा

मला दहा दिवस मशीन काढून ठेवायची सोय आहे. तरुणांनी आपलं बघावं.

बारावीची_आई

धागा जरा वळवते, माफी. मुलगी बीएएसएलपीला, म्हणजे श्रवण आणि वाणी तज्ज्ञाच्या पदवीला, जायचं म्हणतेय. चार वर्षं, त्यात इंटर्नशिप. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. फोनच कान तपासायला लागला तर हिला नोकरी कोण देणार?

वैखरी

@बारावीची_आई, जाऊ द्या तिला. प्युअर टोन तपासणी (सूर ऐकू आला की बटण दाबायची) फोन करेल, करतोच आहे. पण नवजात बाळाची तपासणी फोन करणार नाही, बाळ बटण दाबत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटचं (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) मॅपिंग म्हणजे जुळवणी, चक्कर आणि तोल यांच्या तपासण्या, पक्षाघातानंतरची वाणी, तोतरेपणा, गिळण्याचे त्रास, ऑटिझममधली मुलं, हे सगळं याच पदवीत येतं. फक्त दुकानात बसून मशीन विकायचं असेल तर मात्र भविष्य अवघड आहे, आणि ते तसं असावं. कॉलेज आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषद) मान्यता असलेलंच घ्या. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय, बाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाणी आणि श्रवण संस्था.

गप्पिष्ट

आणि स्मृतिभ्रंशाचं काय? तो मनूच्या मूळ प्रश्नातच राहिला. सासूबाईंनाही एका सेल्समनने हेच सांगितलं.

एडिसनचा_पंत

याची मला थोडी माहिती आहे, कारण सासऱ्यांना मीच तो लेख वाचून दाखवला होता. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये अचीव्ह नावाच्या चाचणीचे निकाल आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि समुपदेशन, निम्म्यांना आरोग्याची सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी बघितलं तर एकूण गटात बुद्धीच्या उतरणीत फरक नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, म्हणजे वय, रक्तदाब, मधुमेह वगैरे, त्या गटात मशीनवाल्यांची उतरण ४८ टक्क्यांनी मंद. सेल्समन ४८ चा आकडा सांगतो, "एकूण गटात फरक नाही" हे गिळतो.

वैखरी

अगदी. मी पेशंटना एवढंच सांगते की ऐकू येत नसेल तर माणूस गप्पांतून उठतो, मग लग्नाला जात नाही, मग फोन घेत नाही. मशीन त्यासाठी लावा. भीती घालून विकणारा डिमेन्शियाचा डॉक्टर नसतो.

आणि एक राहिलं. फोनवर तपासणी करून थेट खरेदी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: एका कानाने अचानक, म्हणजे रात्रीतून किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं बंद झालं तर ती तातडीची गोष्ट आहे, उशीर न करता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एकाच कानात कमी ऐकू येणं, एकाच कानात सतत आवाज, चक्कर, कानातून पू, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर. एअरपॉड्सना हे कळत नाही.

सोल्डरिंग_गन

ताई, रस्त्यापलीकडच्या मोफत शिबिरालाही कळत नाही.

वैखरी

+१. हे मी लिहायला हवं होतं.

मुलुंडची_मनू

बापरे, केवढं मिळालं! सगळ्यांचे आभार. आईला प्रतिसाद वाचून दाखवले (ओरडून). शिट्टीच्या वेळी भुंकणाऱ्या कुत्र्यावर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. खडूसकाकांना तिने "बरोबर आहे त्यांचं" असा निरोप दिलाय.

भावाचे एअरपॉड्स सुट्टीत घरी आले होते, ते तिला लावून पाहिले. भाजी निवडत निवडत माझ्याशी बोलली, नीट बोलली, दोनदा विचारावं लागलं नाही. पण कुंडलं आणि एअरपॉड्स यांचं जमेना, एक निघून मेथीत पडलं, आणि बसवायचं कसं हे तिला तिचं तिला येईना. बोटं तेवढी चालत नाहीत. रोज मी घरी असणार नाही. त्यामुळे ते बाद. पण तिला ऐकू आलं तर काय होतं हे तिनेच बघितलं, त्यामुळे आता "मला काय करायचंय मशीन" बंद झालंय. भावाला तेवढं श्रेय.

आता वांद्र्याच्या संस्थेत जाऊन आधी स्वतंत्र ऑडिओग्राम काढतोय, दुकानाबाहेरचा. कानामागचं, चार्जिंगचं, मधल्या किमतीचं बघू. माझं "धंदा मोडीत निघालाय" हे मत निम्मं मागे घेते. दरपत्रकावरचं मत तसंच आहे.

अर्धाकान

चार्जिंगचं घ्या, चांगलं. सेल बदलणं बोटांना अवघडच. आणि दोन्ही कानांना घ्या, एकाने काम भागवू नका. आवाज कुठून आला ते एका मशीनने कळत नाही.

कोरडा_ठाक

एक घेऊन बघू, मग दुसरं, असं दुकानदार म्हणत नाहीत, आपणच म्हणतो.

सोल्डरिंग_गन

मनूताई, बिलावर लेखी घ्या: मॉडेलचं पूर्ण नाव, दोन्ही यंत्रांचे सिरीयल नंबर, ट्रायल किती दिवसांची आणि परत केल्यास किती कापणार, वॉरंटी किती वर्षं, रिअल इअर मोजणीचा छापील कागद, आणि "दुसऱ्या क्लिनिकमध्ये प्रोग्रॅम होईल" हे वाक्य. शेवटच्या वाक्यावर दुकानदार आढेवेढे घेईल. घेतले की उठायचं.

तांबडा_पांढरा

वैखरीताई, चुलत्यांचं खणातलं मशीन आणलं तर साचा करून लावता येईल का? कोल्हापुरात कोणी करतं का? तेराचा नारिंगी सेल घेऊन ठेवलाय.

वैखरी

येईल. साचा कोणताही ऑडिओलॉजिस्ट घेतो, मशीन कुठलंही असो. आधी मळ काढून घ्या आणि जुना ऑडिओग्राम असेल तर आणा, नसेल तर नवीन काढू. व्यनि (खासगी निरोप) करते.